डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: आधी भरलेल्या पैशांत काय येतं, काय येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीहून ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला पाच रात्रींसाठी जायचंय. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासू-सासरे पक्के शाकाहारी, दारू कुणीच घेत नाही. हॉटेल डिस्नेचंच आहे, दोन खोल्या. बुकिंगच्या वेळी डायनिंग प्लॅन हवा का असं विचारलं गेलं. तो घेतला की खाण्यापिण्यावर वेगळा खर्च उरत नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

उरतो. पण यात दोन वेगळे प्रश्न आहेत. प्लॅनमध्ये नेमकं काय येतं, हा पहिला. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही एरवी जे खाल-प्याल त्याची किंमत प्लॅनच्या किमतीपेक्षा जास्त होते की कमी, हा दुसरा, आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येतं. 'प्लॅन घ्यावा का' याला मी कधीच सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. कोण काय खातं, काय पितं आणि मुलं किती वर्षांची आहेत हे आधी विचारते. तुम्ही ते सगळं सांगितलंय, त्यामुळे आकड्यांत बोलता येईल.

हे सगळं फक्त फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डपुरतं आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला हे नियम लागत नाहीत.

कोविडच्या काळात बंद झालेला हा प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला आणि त्याचे दोन प्रकार ठेवले गेले. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं, एक स्नॅक आणि मुक्कामापुरता एक रीफिल मग, म्हणजे पेय पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा कप, मिळतो. दुसऱ्याला नुसतं डिस्ने डायनिंग प्लॅन म्हणतात, पुढे मी त्याला मोठा प्लॅन म्हणते. त्यात दर रात्रीमागे काउंटरवरचं एक जेवण, वेटर असलेल्या रेस्टॉरंटमधलं म्हणजे टेबल सर्व्हिसचं एक जेवण, एक स्नॅक आणि तोच मग. २०२४ चे दर मोठ्यांना रात्रीमागे ५७.०१ आणि ९४.२८ डॉलर, तर ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३ आणि २९.६९ डॉलर होते. नंतर दर वाढले आहेत. खालचा हिशेब २०२४ च्या दरांवर आहे; तुमच्या तारखांचा दर बुकिंगवर दिसेल, तो त्यात घाला. दहा पूर्ण झालेलं मूल मोठ्यांच्या दरात जातं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला प्लॅन लागत नाही आणि मिळतही नाही. ते तुमच्या ताटातलं खातं, बुफेत त्याचे पैसे पडत नाहीत.

हिशेब दिवसांचा नसून रात्रींचा आहे. पाच रात्री म्हणजे फिरायचे सहा दिवस, पण क्रेडिटं, म्हणजे आधी पैसे भरलेल्या जेवणांची आणि स्नॅकची मोजणी, पाच रात्रींचीच. ती चेक-इनलाच एकदम खात्यावर जमा होतात. खानावळीच्या कुपनांसारखी ती हवी तेव्हा फाडा, एका दिवशी तीन आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही असं चालतं. चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी संपतात, आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

आता एका जेवणात काय येतं ते पाहू. बहुतेक गैरसमज इथेच होतात.

काउंटरवरचं जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. गोड त्यात येत नाही. टेबल सर्व्हिसला दुपारी किंवा रात्री एक मुख्य पदार्थ, एक पेय आणि एक डेझर्ट येतं; सकाळी मुख्य पदार्थ आणि पेय. ठिकाण बुफेचं असेल किंवा टेबलावर मोठ्या भांड्यांतून सगळ्यांना वाढायचं असेल, तर एका क्रेडिटमध्ये ते पूर्ण जेवण आलं. पेयामध्ये २१ वर्षांवरच्यांना बिअर, वाइन किंवा कॉकटेलचा एक ग्लासही चालतो. ही बाब तुमच्या हिशेबात फार महत्त्वाची आहे, का ते पुढे येईलच. कर प्लॅनमध्ये धरलेला असतो.

जेवणाआधीचे छोटे पदार्थ म्हणजे ॲपेटायझर प्लॅनमध्ये येत नाहीत. शाकाहारी मंडळींना हे तिथे गेल्यावर कळतं, कारण नेमके त्यांना आवडणारे पदार्थ त्याच यादीत असतात. डिस्नेच्या ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेजमध्ये 'सना' नावाचं रेस्टॉरंट आहे. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड, आणि तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: नान-पापडासारखे प्रकार आणि सोबत नऊ चटण्या, रायती, लोणची. दोघा-तिघांचं पोट त्यावर भरतं. पण मेन्यूत ती ॲपेटायझरमध्ये आहे. त्यामुळे प्लॅन असला तरी तिचे पैसे वेगळे पडतात, आणि क्रेडिट वापरायचं तर वर मुख्य पदार्थ मागवावाच लागतो. सासू-सासऱ्यांना तिथे नक्की न्या, पण रोख पैशांनी.

टिप प्लॅनमध्ये नाही. टेबल सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर पदार्थांची मूळ किंमत छापलेली असते, टिप त्या किमतीवर द्यायची. सहा किंवा जास्त जणांच्या टेबलाला १८ टक्के टिप आपोआप लागते. तुम्ही सहा जण आहात. टेबल राखताना दोन वर्षांचं बाळही मोजावंच लागतं, तेव्हा हे धरूनच चाला. दोन मोठ्यांचं प्रत्येकी साधारण ६५ डॉलरचं आणि मुलीचं ४० डॉलरचं बुफे जेवण म्हटलं, तरी १७० डॉलरवर ३० डॉलर टिप झाली. पाच रात्री रोज असं जेवलात तर प्लॅनच्या वर दीडशे डॉलर. 'सगळं आधीच भरलंय' असं समजून आलेल्या घरांचं बजेट मुख्यतः इथेच कोलमडतं.

काही ठिकाणी एका जेवणाला टेबल सर्व्हिसची दोन क्रेडिटं लागतात. यांना सिग्नेचर रेस्टॉरंट म्हणतात: कॅलिफोर्निया ग्रिल, ले सेलिए, टिफिन्स, हॉलिवूड ब्राउन डर्बी. मॅजिक किंग्डम पार्कच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि 'हूप-डी-डू'सारखे जेवणाबरोबरचे कार्यक्रमही दोन क्रेडिटांचे. दारू न पिणाऱ्याला दोन क्रेडिटं क्वचितच फायद्याची ठरतात, शाकाहारी माणसाला जवळपास कधीच नाहीत. किल्ल्यात जेवायची मुलीची फार इच्छा असेल तर जरूर जा, पण एवढ्यासाठी प्लॅन घेऊ नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स या रेस्टॉरंटमध्ये प्लॅन चालतच नाही. डिस्ने स्प्रिंग्स या खरेदी-खाण्याच्या भागातली बरीच रेस्टॉरंटं बाहेरच्या कंपन्यांची आहेत. त्यांच्यापैकी कोण प्लॅन घेतं ते प्रत्येकाचं तपासा.

रीफिल मग फक्त हॉटेलातल्या पेयांच्या मशीनवर भरता येतो, थीम पार्कमध्ये नाही. सकाळचा चहा-कॉफी आणि रात्री परतल्यावरचं पेय एवढाच त्याचा उपयोग. दिवसभर पार्कात असणाऱ्या कुटुंबाचा मग खोलीतच पडून राहतो. पार्कात पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. जिथे पेयांचं मशीन आहे अशा काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, फक्त मागावा लागतो.

स्नॅकच्या क्रेडिटवर आइस्क्रीम, डोल व्हिप (अननसाचं मऊ आइस्क्रीम), पॉपकॉर्नचा साधा डबा, कॉफी, बाटलीबंद पाणी, एखादं फळ, असं काहीही घेता येतं. मेन्यूवर प्लॅनची खूण असते. शोभेच्या बादलीतलं पॉपकॉर्न त्यात नाही. चार डॉलरच्या पाण्याच्या बाटलीवर हे क्रेडिट घालवणं म्हणजे ते अर्धं टाकून देणं. सहा-सात डॉलरच्या वस्तूवर वापरा. एपकॉट या पार्कमध्ये खाद्यमहोत्सव चालू असेल तर तिथल्या स्टॉलवरचे बरेच पदार्थ स्नॅकमध्ये बसतात, आणि छोट्या क्रेडिटचं सर्वांत चांगलं मोल तिथे मिळतं.

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. खालच्या मेन्यूच्या किमती ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरेशा.

आधी क्विक सर्व्हिस प्लॅन. काउंटरवरचा मुख्य पदार्थ साधारण १४ डॉलर, सोडा ५. अशी दोन जेवणं ३८ डॉलर, वर ६.५० चा स्नॅक. त्यावर साडेसहा टक्के कर धरला की ४७ डॉलर. रीफिल मग साधारण २२ डॉलरचा असतो. पाच रात्रींवर विभागला की साडेचार. एकूण ५२. म्हणजे दोन्ही जेवणांत कोला घेतला, रीफिल मग रोज वापरला, तरी ५७.०१ भरून माणसागणिक दिवसाला पाचेक डॉलर जातातच. तेच दोन्ही जेवणांत बिअर किंवा वाइन घेणाऱ्याचा दिवस ६५ डॉलरच्या पुढे जातो आणि त्याला प्लॅन परवडतो. हा प्लॅन खऱ्या अर्थाने पिणाऱ्यांना परवडतो, हे स्पष्टच सांगते.

आता सासू-सासरे. दोन शाकाहारी पदार्थ, सोबत फुकटचं पाणी, एक आइस्क्रीम, रीफिल मग नको. करासह सुमारे ३७ डॉलर. म्हणजे प्लॅन घेतला तर माणशी रोज वीस डॉलर जास्त, दोघांचे पाच रात्रींचे दोनशे. शिवाय त्या वयात दोन वेळा पूर्ण अमेरिकन आकाराची ताटं संपत नाहीत. आपण ती वाटून घेतो, आणि वाटून खाल्लं की क्रेडिटं उरतात.

त्यांच्यासाठी नियमातली एक गोष्ट फार कामाची आहे. प्लॅन घेतला तर एका बुकिंगवरच्या, म्हणजे एका खोलीतल्या, तीन वर्षांवरच्या सगळ्यांना तोच आणि पूर्ण मुक्कामाचा घ्यावा लागतो. पण दुसरी खोली वेगळ्या बुकिंगवर असेल तर तिथे तो नसला तरी चालतं. तुमच्या दोन खोल्या आहेतच. सासू-सासऱ्यांची खोली वेगळ्या बुकिंगवर ठेवा आणि प्लॅन घेऊ नका. एकत्र जेवायला बसाल तेव्हा वेटरला सुरुवातीलाच दोन बिलं करायला सांगा. शेवटी सांगितलं की घोळ होतो.

तुमच्या खोलीचं गणित वेगळं, कारण त्यात आठ वर्षांची मुलगी आहे. मुलांचा मोठा प्लॅन २९.६९ डॉलरचा, आणि मिकीसोबतच्या रात्रीच्या बुफेत मुलाच्या एका ताटाचेच चाळीसच्या आसपास डॉलर पडतात. त्यात काउंटरवरचं जेवण आणि स्नॅक धरलं तर तिचा दिवस ५५ च्या पुढे जातो. मुलीच्या बाजूने प्लॅन उघड फायद्याचा आहे. पण ती एकटी घेऊ शकत नाही, तुम्हा दोघांनाही ९४.२८ भरावे लागतात. २०२६ साठी डिस्नेने मोठ्यांनी प्लॅन घेतल्यास ३ ते ९ वयाच्या मुलांचा प्लॅन मोफत ठेवला आहे, त्याला अटी आहेत. तुमचं बुकिंग त्या अटींत बसतं का ते विचारा. बसलं तर तराजू बराच झुकतो.

मोठ्या माणसाचे ९४.२८ कधी वसूल होतात? काउंटरवरचं जेवण १९ आणि स्नॅक ६.५०, शिवाय कर आणि रीफिल मग. एवढं वजा केलं की टेबल सर्व्हिसचं जेवण कर सोडून ५८-५९ डॉलरचं असावं लागतं. सोडा आणि रीफिल मग नको असलेल्याला ते ६८ पर्यंत जातं. मेन्यूवरून मागवायच्या रेस्टॉरंटमध्ये २७ चा पदार्थ, १० चं डेझर्ट, ५ चं पेय मिळून ४२ च होतात. तिथे क्रेडिट घालवलं की त्या दिवशी अठराएक डॉलर गेले. मिकीसारख्या डिस्नेच्या पात्रांसोबतच्या रात्रीच्या बुफेत मात्र ६५ च्या आसपास मूल्य मिळतं. म्हणून या प्लॅनमध्ये टेबल सर्व्हिसचं प्रत्येक क्रेडिट बुफे किंवा वाढायच्या जेवणावर, आणि शक्यतो रात्री, वापरायला हवं. शेफ मिकीज, टस्कर हाउस, गार्डन ग्रिल, आणि रात्री पात्रांशिवाय 'ओहाना'. हे सगळे एका क्रेडिटचे. पात्रं नकोत तेव्हा ॲनिमल किंग्डम लॉजमधलं 'बोमा'. तिथल्या आफ्रिकी बुफेत डाळी, सूप, भाज्या, भात यांची रेलचेल असते आणि शाकाहारी माणूस उपाशी उठत नाही. सकाळच्या पात्रांच्या बुफेची किंमत बरीच कमी असते. तिथे क्रेडिटाऐवजी रोख दिलेले बरे.

पाच रात्रींत निदान चार अशी जेवणं तुम्हाला मनापासून हवी असतील तर तुमच्या खोलीला मोठा प्लॅन घ्या. दोनच हवी असतील तर ती दोन रोखीने जेवा आणि प्लॅन सोडा. मधल्या स्थितीत मी न घ्यायच्या बाजूची आहे. प्लॅन घेतला की क्रेडिट संपवायच्या घाईत मुलांच्या झोपेच्या वेळी टेबलावर दीड तास बसावं लागतं. त्या दीड तासाची किंमत कुठल्याच हिशेबात येत नाही, पण दोन वर्षांचं मूल बरोबर असताना ती मोठी असते.

शाकाहाराबद्दल थोडं. मेन्यूवर पानाची खूण असलेला पदार्थ डिस्नेच्या व्याख्येप्रमाणे मांस, दूध, अंडं आणि मध यांशिवाय केलेला असतो, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनाही तो चालतो. ॲनिमल किंग्डम पार्कमधल्या पँडोरा या भागातल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा भाताचा बोल मिळतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर टेबल राखतानाच पथ्याच्या रकान्यात लिहा आणि बसल्यावर पुन्हा सांगा. अशा बदलाचे पैसे घेत नाहीत, प्लॅन असो वा नसो. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिवडा सगळं चालतं. खोलीत फ्रिज असतो. साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, तो हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये मिळतो.

प्लॅन घेतलात तर प्रत्येक पावतीच्या तळाशी उरलेली क्रेडिटं बघा. नुसता मुख्य पदार्थ आणि पाणी घेतलं तरी काउंटरवर पूर्ण जेवणाचं क्रेडिट कापतात. स्वस्त काही खायचं असेल तर कार्डाने पैसे द्या आणि क्रेडिट महाग जेवणाला राखा. स्नॅकच्या वस्तूला जेवणाचं क्रेडिट लागलं असं दिसलं तर तिथेच बदलून घ्या, दुसऱ्या दिवशी ते सिद्ध करणं अवघड. शेवटच्या दिवशी उरलेल्या स्नॅकच्या क्रेडिटांवर खूण असलेल्या पाकीटबंद वस्तू घ्या, विमानात मुलांना होतात.

प्लॅन असला म्हणजे टेबल मिळेलच असं नाही, हे अनेकांना माहीत नसतं. पात्रांसोबतची जेवणं लवकर भरतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी मुक्कामातल्या सगळ्या दिवसांची टेबलं एकदम राखता येतात. त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ॲपवर बसा आणि सर्वांत गर्दीचं ठिकाण मुक्कामाच्या शेवटच्या रात्रींवर शोधा, कारण त्या तारखा बाहेरच्यांना अजून खुल्या झालेल्या नसतात. पार्कातल्या रेस्टॉरंटला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. न सांगता गैरहजर राहिलात तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात. दोन तास आधी रद्द केलं तर नाही.

या ६० दिवसांचाच उपयोग निर्णयासाठी करा. पॅकेजचे पूर्ण पैसे पोचायच्या ३० दिवस आधी भरायचे असतात, आणि तोवर पॅकेजमध्ये प्लॅन वाढवता येतो. म्हणून आता बुकिंग प्लॅनशिवाय करा, पण नुसती खोली न घेता तिकिटांसह पॅकेज घ्या, कारण प्लॅन पॅकेजलाच जोडता येतो. साठाव्या दिवशी हवी ती टेबलं राखा. बुफेच्या चार-पाच रात्री खरोखर मिळाल्या तर तुमच्या खोलीपुरता मोठा प्लॅन जोडा. दोन-तीनच मिळाल्या तर जोडू नका, राखलेली टेबलं तशीच राहतात आणि बिल कार्डाने भरता येतं.